रंग वाळला, पण पक्का कुठे झालाय?

चेपलेलं दार ठोकून सरळ झालं, पुट्टी घासली, प्रायमर, रंग, वर क्लिअर कोट म्हणजे चकचकीत पारदर्शक थर. गाडी ताब्यात देताना गॅरेजवाला विचारतो, "सिरॅमिक कोटिंगपण करून टाकायचं का?" ग्राहकालाही वाटतं, खर्च झालाच आहे, तर नव्या रंगाला संरक्षण आजच मिळू दे. माझं म्हणणं आहे की हे कोटिंग जरूर करावं, पण त्या दिवशी नाही. बोटाला न चिकटणारा रंग वाळलेला असतो, पक्का झालेला नसतो.

कारखान्यात नवीन गाडीचा नुसता सांगाडा रंगवतात. तो रंगाच्या टाकीत बुडवून विजेचा प्रवाह सोडला जातो, आणि रंगाचे कण कानाकोपऱ्यांतल्या पत्र्यावरही जाऊन बसतात. हा पहिला थर जेमतेम 20 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका. पण गंजाशी खरी लढाई तोच लढतो. मग सांगाडा साधारण 160 ते 180 अंश सेल्सिअसच्या भट्टीतून जातो. दुरुस्तीला आलेल्या गाडीला एवढी उष्णता देणं शक्यच नाही. टायर, वायरिंग, प्लॅस्टिक, टाकीतलं इंधन सगळं जागेवर असतं. म्हणून रंगकामाच्या चांगल्या बंद खोलीत, म्हणजे बूथमध्येही, पॅनल सुमारे 60 अंशांवर अर्धा तास तापवतात. साध्या गॅरेजमध्ये तेही नसतं, रंग हवेवरच सुकतो.

उष्णतेची ही उणीव रसायन भरून काढतं. क्लिअर कोट दोन डब्यांतून येतो: एकात रेझिन, म्हणजे थर बनवणारा राळेसारखा पदार्थ, दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर. हार्डनरमधला आयसोसायनेट रेझिनमधल्या हायड्रॉक्सिल गटांशी जोडला जातो आणि रेणूंचं घट्ट जाळं विणलं जातं. हेच पॉलियुरेथेन. त्याचा पाया जर्मनीतल्या लेव्हरकुझेनमध्ये ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये घातला. थिनर वरवर उडून गेला की पृष्ठभाग कोरडा लागतो, पण आत जाळं विणण्याचं काम पुढे कित्येक दिवस चालू असतं आणि उरलासुरला थिनर हळूहळू बाहेर पडत असतो. अशा वेळी वर दाट थर चढवला तर थिनरची वाट अडते. रंग मऊ राहतो, चमक मरते, कधी फोड येतात. पारदर्शक संरक्षक फिल्म घाईने लावली तर ती काढताना तिच्यासोबत रंगही उपटून येऊ शकतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. आयसोसायनेटची पाण्याशीही प्रतिक्रिया होते आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. कोकणात किंवा मुंबईत भर जुलैत उघड्या अंगणात रंग मारला, किंवा कंप्रेसरच्या हवेतलं पाणी काढलं नाही, तर थरात बारीक बुडबुडे आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात ती यामुळेही. अशा दिवसांत बंद, कोरडा बूथ असलेलं गॅरेज शोधावं. दोन-चार दिवस जास्त लागले तरी चालतील.

आणि रंग फवारायची गन हातात धरणाऱ्या माणसाचा विचार कुणीतरी करायला हवा. आयसोसायनेटच्या तुषारांनी दमा जडतो. एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की अगदी थोड्या मात्रेनेही झटका येऊ शकतो. नाकावर बांधलेला रुमाल इथे काहीही अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो पेंटरच्या तोंडावर दिसला, तर मी त्या गॅरेजला दोन पैसे जास्त आनंदाने देईन.

थांबायचं किती? हवेवर सुकलेल्या रंगासाठी महिनाभर, असा सर्वसाधारण संकेत आहे. काही रंगकंपन्या दोन-तीन महिनेही सांगतात. बूथमध्ये तापवलेल्या रंगाला कमी वेळ पुरतो. नेमका आकडा त्या रंगाच्या माहितीपत्रकात असतो, गॅरेजकडून तो मागून घ्यावा. तोवर साधं पाणी, सौम्य शॅम्पू आणि मऊ कापड. वॅक्स नाही, ब्रशवालं वॉशिंग नाही. पक्ष्याची विष्ठा पडली तर ती मात्र लगेच भिजवून काढावी.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या बंधांचा एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा थर. पाणी त्यावर गोल थेंब होऊन घरंगळतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं जातं. पण जाहिरातीतलं '9एच' हे पेन्सिलीने ओरखडा काढून ठरवायच्या कठीणपणाचं माप आहे. चाकाखालून उडालेला खडा त्याला जुमानत नाही. उन्हातली अतिनील किरणं मुख्यतः क्लिअर कोटमधली शोषक रसायनं अडवतात. म्हणून क्लिअर कोट पातळ मारून वर महागडं कोटिंग चढवण्यात अर्थ नाही.

गंज तर बहुधा खालून किंवा मागून येतो. उघड्या पत्र्यावर थेट पुट्टी भरली असेल, तर पुट्टी ओलावा शोषते आणि वर्षा-दोन वर्षांत रंग फुगतो. खाली ओलावा अडवणारा इपॉक्सी प्रायमर आहे का, हे काम चालू असतानाच विचारायला हवं. वेल्डिंग झालं असेल तर पत्र्याच्या आतल्या बाजूचा कारखान्यातला थर जळालेला असतो आणि तिथे बाहेरची गन पोचत नाही. लांब नळीने दाराच्या, उंबऱ्याच्या पोकळीत मेणासारखं गंजरोधक फवारून घ्यावं. ते करताना दाराच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं बुजलेली नाहीत ना, हे तारेने तपासून घ्या; ती बंद असतील तर पावसाचं पाणी दारातच साठतं.