रेडिओवरचा पियानो आणि अंगावरचा काटा

पोलिश संगीतकार शोपाँचा ई मायनरमधला प्रेल्यूड, म्हणजे पियानोची एक छोटी रचना, दोन-सव्वादोन मिनिटांत संपतो. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या या रचनेत उजव्या हाताला सुरुवातीला फारसं कामच नाही. ई हा षड्ज धरला, तर हा हात पंचमावर थांबतो, कोमल धैवताला जरासा स्पर्श करतो आणि पुन्हा पंचमावर येतो. पुन्हा धैवत, पुन्हा पंचम. डावा हात मात्र संथ लयीत कॉर्ड, म्हणजे एकत्र लागणाऱ्या तीन-तीन स्वरांचे गुच्छ, वाजवत राहतो, आणि त्या तिनांतला कधी एक, कधी दुसरा स्वर अर्ध्या सुराने खाली घसरतो. वरचा पंचम जागचा हलत नाही, पण त्याच्या खालची जमीन सरकत असल्यामुळे तो दर वेळी वेगळा लागतो. तानपुऱ्याच्या अढळ षड्जावर वाढलेल्या कानाला हा अनुभव विलक्षण वाटतो.

असं काही रेडिओवर अवचित लागलं, की रचनेचं नाव ठाऊक नसलेला माणूसही हातातलं काम थांबवून ऐकू लागतो. मानेवर शहारा येतो, एखाद्याचा गळा दाटतो. या प्रतिक्रियांचा अभ्यास गेली चाळीसेक वर्षं बारकाईने झाला आहे. त्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की ऐकू येणाऱ्या संगीताचा बराचसा भाग ऐकणाराच तयार करत असतो. रेडिओवर तर हे फारच स्पष्ट दिसतं.

सुरुवात आवाजापासूनच करू. मोठ्या पियानोच्या सगळ्यात खालच्या पट्टीची तार सेकंदाला २७.५ वेळा कंपन पावते. घरातल्या रेडिओच्या चार इंची स्पीकरला इतकं खोल कंपन काढताच येत नाही. तरीही तो स्वर आपल्याला खर्जातच ऐकू येतो. कारण तारेतून मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही निघतात. स्पीकर त्यांतले वरचे तेवढे पोहोचवतो. त्यांच्यामधली समान अंतरं मेंदू हेरतो आणि गायब असलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो.

वरच्या टोकाला वेगळीच अडचण आहे. आपल्याकडे मध्यम लहरींवर शेजारच्या केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, त्यामुळे प्रत्यक्ष आवाजाच्या वाट्याला साधारण साडेचार किलोहर्ट्झ येतात. पियानोची शेवटची पट्टी आहे ४१८६ हर्ट्झची. म्हणजे सगळ्या पट्ट्यांचे मूळ स्वर कसेबसे मावतात, पण वरच्या सप्तकांतली चमक कापली जाते. हातोडी तारेवर पडतानाचा तो क्षणभराचा ‘टक्’ही बोथट होतो. हे नुकसान दिसतं त्याहून मोठं आहे. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून विरत जातो आणि त्याची ओळख बरीचशी त्या पहिल्या आघातात असते. ध्वनिमुद्रणातून आघात कापून नुसता मागचा नाद ऐकवला, तर हा पियानो आहे की आणखी काही, असा संभ्रम पडतो.

भरीला बरीच केंद्रं प्रक्षेपणात हळू आवाज वर उचलतात आणि मोठा आवाज दाबतात, म्हणजे गाडीतही सगळं ऐकू यावं. सोय म्हणून ठीक आहे, पण पियानोवर यात अन्याय होतो. कुजबुजीपासून गडगडाटापर्यंत जाता येणं हे या वाद्याचं वैभव आहे, आणि आवाजाची अचानक चढण हे शहारा आणणाऱ्या कारणांपैकी एक आहे.

इतकं सगळं गमावूनही रेडिओ एक मोठी गोष्ट देतो: तो वादकाला दृष्टीआड करतो. स्वतः पियानोवादक असलेल्या मानसशास्त्रज्ञ चिया-जुंग त्से यांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगीतस्पर्धांच्या अंतिम फेरीतल्या तिघांच्या वादनाचे तुकडे लोकांना दिले आणि विजेता ओळखायला सांगितलं. काहींना नुसता आवाज दिला, काहींना आवाज बंद केलेलं चित्रीकरण. निकाल आवाजावरूनच ठरतो असं बहुतेकांचं ठाम मत होतं. प्रत्यक्षात नुसतं ऐकणाऱ्यांचं उत्तर नशिबावर सोडल्यासारखं आलं, तर मूक चित्रीकरण पाहणाऱ्यांनी निम्म्याच्या आसपास वेळा विजेता बरोबर ओळखला. व्यावसायिक संगीतकारही याला अपवाद नव्हते. वादकाचं डोलणं, मिटलेले डोळे, हात उचलण्याची ढब आपण नकळत संगीतात मिसळत असतो. रेडिओवर त्यातलं काहीच पोहोचत नाही. म्हणून रेडिओवर आलेला शहारा मला अधिक विश्वासाचा वाटतो.

तर हा शहारा येतो कुठून? १९८० साली अमेरिकी औषधशास्त्रज्ञ अ‍ॅव्हरम गोल्डस्टीन यांनी दहा जणांना नॅलोक्सोन हे औषध देऊन संगीत ऐकवलं. शरीरातल्या अफूसदृश रसायनांचा परिणाम हे औषध रोखतं. दहापैकी तिघांचे शहारे कमी झाले. प्रयोग लहान होता, पण संगीतसुखाचा माग शरीराच्या रसायनांत घेता येईल हे त्याने दाखवून दिलं. १९९१ मध्ये इंग्लंडच्या जॉन स्लोबोडा यांनी ८३ श्रोत्यांना विचारलं, की नेमक्या कुठल्या जागेवर तुम्हाला काय होतं? उत्तरांत एक शिस्त सापडली. अनपेक्षित कॉर्ड आला की शहारा येतो. डोळ्यांत पाणी मात्र बऱ्याचदा तेव्हा येतं, जेव्हा कॉर्डशी न जुळणारा शेजारचा स्वर आधी जोरात लागतो आणि मग जुळणाऱ्या स्वरावर उतरतो. शोपाँच्या प्रेल्यूडमधली धैवताकडून पंचमाकडे उतरण्याची ओढ याच कुळातली आहे, जरी तिथे धैवत जोराच्या मात्रेवर येत नसला तरी.

पुढे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅन ब्लड आणि रॉबर्ट झातोरे यांनी २००१ साली थेट मेंदूचं चित्रण केलं. दहा जणांनी आपापलं काटा आणणारं संगीत आणलं; एकाने आणला होता राख्मानिनॉफ या रशियन संगीतकाराचा तिसरा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना. एकाचं लाडकं संगीत दुसऱ्याला तुलनेसाठी ऐकवण्याची युक्ती त्यांनी काढली. त्यामुळे फरक सुरांमुळे पडला की ऐकणाऱ्यामुळे, हे वेगळं करता आलं. अन्न आणि अमली पदार्थांनी जे भाग जागे होतात, तेच इथेही जागे झाले. २०११ मध्ये त्याच विद्यापीठात व्हलोरी सालिमपूर आणि सहकाऱ्यांनी डोपामाइन हे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन मोजलं. ते दोन टप्प्यांत स्रवतं असं दिसलं: लाडकी जागा येण्याआधी मेंदूच्या एका भागात, आणि ती आल्यावर दुसऱ्याच भागात. मैफलीत बसणाऱ्याला हे नवं नाही. समेआधीच्या दोन मात्रांत सभागृह पुढे झुकतं आणि समेवर दाद जाते. या दोन सुखांची जागा वेगळी असते हे आता मोजून सिद्ध झालं.

पण रेडिओवर तर पुढे काय येणार हे माहीतच नसतं. मग वाट कशाची पाहायची? त्या रचनेची नव्हे, तर आयुष्यभर ऐकलेल्या संगीताच्या व्याकरणाची. २०१९ साली संशोधक व्हिन्सेंट चुंग यांच्या गटाने अमेरिकी लोकप्रिय गाण्यांमधले ८० हजार कॉर्ड घेतले आणि प्रत्येक कॉर्ड कितपत अपेक्षित होता हे संगणकाने ठरवलं. श्रोत्यांना दोन प्रकारच्या जागा सर्वाधिक सुखावत होत्या. पुढचं ठाऊक आहे अशी खात्री असताना फसगत झाली तेव्हा; आणि काहीच अंदाज नसताना ओळखीचं काही हाती लागलं तेव्हा.

मग ज्यांनी हे व्याकरण कधी ऐकलंच नाही त्यांचं काय? उत्तर कॅमेरूनच्या डोंगराळ भागातल्या माफा लोकांनी दिलं. वीज नसलेल्या, पाश्चात्त्य संगीत न पोहोचलेल्या वस्त्यांत संशोधक थॉमस फ्रिट्झ पियानोचे छोटे तुकडे घेऊन गेले. आनंद, दुःख आणि भीती हे तिन्ही भाव माफांनी नुसत्या अंदाजाने जमलं असतं त्याहून चांगले ओळखले. जर्मन श्रोत्यांइतके नाही, पण ओळखले. उलट बाजूने, २०१६ साली बोलिव्हियातल्या चिमाने लोकांना पाश्चात्त्यांना कर्कश वाटणारे आणि गोड वाटणारे कॉर्ड सारखेच आवडले. म्हणजे लय आणि चढउतार बरंच काही सांगून जातात, पण कॉर्डचा गोडवा सवयीने अंगी येतो.

मराठी श्रोत्याला इथे आपला इतिहास आठवावा. मींड आणि श्रुती देता येत नाहीत म्हणून १ मार्च १९४० पासून हार्मोनियम आकाशवाणीवरून हद्दपार झाली आणि १९७१ पर्यंत बाहेर राहिली. तिच्याविरुद्ध लिहिणाऱ्यांत जॉन फोल्ड्स होते, आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरच्या पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख. तोच आक्षेप पियानोलाही लागू पडतो: भैरवातल्या धैवताचं आंदोलन पियानोच्या पट्टीतून निघणं शक्य नाही. पण स्वर हलवता येत नसेल, तर त्याच्याखालचे कॉर्ड हलवून तीच व्याकुळता आणता येते, असं मला वाटतं. पियानो ऐकताना आपला कान वरच्या सुरातच गुंततो. एकदा मुद्दाम डाव्या हाताकडे लक्ष देऊन ऐकावं.

आणि एवढं करूनही काहीजणांना काहीच होत नाही. २०१४ साली बार्सिलोनातल्या संशोधकांनी अशा निरोगी माणसांचा अभ्यास केला. त्यांचा कान तयार होता, सुखी-दुःखी सूर ते ओळखत होते, पैसे जिंकल्यावर त्यांचं काळीज इतरांसारखंच धडधडत होतं. फक्त संगीताने ते धडधडत नव्हतं. दोन वर्षांनी मेंदूच्या चित्रणातून कारणाचा माग लागला: ध्वनी जाणणारा भाग आणि सुखाचं केंद्र, दोन्ही ठणठणीत होते, पण संगीत ऐकताना त्यांच्यातली देवाणघेवाण मंदावलेली होती.