चावेझ-टेलर, १९९०: दोन सेकंदांची पार्श्वभूमी

मेक्सिकन मुष्टियोद्धा हुलिओ सेझार चावेझचं नाव निघालं की बोलणं १७ मार्च १९९०च्या लास वेगासवर येतंच. त्या रात्री शेवटच्या फेरीचे दोन सेकंद उरले असताना रेफ्रीने मेल्ड्रिक टेलरविरुद्धची लढत थांबवली आणि चावेझ जिंकला. त्या निकालावर एवढं वादळ का उठलं, हे कळायला आधी 'अपराजित' हा शब्द पाहावा लागतो.

१९८१ साली मेक्सिकोतल्या कुलियाकानमध्ये पहिल्या फेरीची घंटा होता होता चावेझचा ठोसा बसला आणि समोरचा आडवा झाला. तो ठोसा नियमबाह्य धरून रेफ्रीने चावेझलाच बाद ठरवलं. त्याच्या व्यवस्थापकाने दाद मागितली आणि मुष्टियुद्ध मंडळाने निकाल फिरवून विजय त्याच्या खात्यात टाकला. पुढची बारा-तेरा वर्षं पराभवांचा जो कोरा रकाना मिरवला गेला, त्याच्या मुळाशी हा फिरवलेला निकाल आहे. पण म्हणून बाकीचे विजय हलके होत नाहीत. १९८४ ते १९८९ या काळात त्याने तीन वजनगटांत विजेतेपदं मिळवली, तीही बरगड्यांवर आणि पोटावर मारा करत, समोरच्याला फेरीगणिक झिजवत.

मेल्ड्रिक टेलर १९८४च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. चावेझच्याच वजनगटाचा, पण दुसऱ्या संघटनेचा विजेतेपदाचा पट्टा त्याच्याकडे होता आणि तोही अपराजित होता. त्याच्या हातांचा वेग डोळ्यांना पकडता येत नसे. अकरा फेऱ्यांनंतर दोन पंचांकडे तो गुणांवर १०७-१०२ आणि १०८-१०१ असा पुढे होता. तिसऱ्याने मात्र चावेझला १०५-१०४ दिले होते. हे आकडे लढत चालू असताना कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांना ठाऊक नसतात. टेलरच्या प्रशिक्षकाने त्याला सांगितलं की शेवटची फेरी जिंकलीच पाहिजे, आणि टेलर लांब राहण्याऐवजी भिडत राहिला.

बाराव्या, म्हणजे शेवटच्या फेरीच्या अखेरीस चावेझचा उजवा ठोसा बसला आणि टेलर कोपऱ्यात कोसळला. तो उठला. आठ आकडे मोजून झाल्यावर रेफ्रीने त्याला ठीक आहेस का, असं दोनदा विचारलं. टेलरची नजर रिंगच्या कडेवर चढलेल्या प्रशिक्षकाकडे गेली होती, उत्तर आलं नाही. रेफ्रीने हात हलवून लढत थांबवली. तीन मिनिटांच्या फेरीत घड्याळात २ मिनिटं ५८ सेकंद झाले होते.

लढत पुढे जाऊ दिली असती तर? खाली पडल्यामुळे ती फेरी चावेझला १०-८ मिळाली असती, तरी टेलर ११५-११२ आणि ११६-१११ असा दोन पंचांकडे जिंकला असता. शेवटचे दहा सेकंद दाखवणारा लाल दिवाही लागलेला होता. रेफ्रीचं म्हणणं असं की किती वेळ उरला हे बघणं त्याचं काम नाही, समोरचा माणूस लढू शकतो का एवढंच तो बघतो. मला हे पटतं. टेलरच्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं होतं, रक्त त्याच्या पोटात गेलं होतं आणि त्याला त्याच रात्री रुग्णालयात न्यावं लागलं.

चावेझच्या बाजूने खरोखर न पटणारा निकाल पुढे आला. १९९३च्या फेब्रुवारीत मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर १,३२,२७४ प्रेक्षकांसमोर जिंकल्यावर सप्टेंबरमध्ये सॅन अँटोनिओत तो पर्नेल व्हिटेकरशी लढला. व्हिटेकरने त्याला बऱ्याच फेऱ्यांत चकवलं. दोन पंचांनी ११५-११५ दिले आणि बरोबरी जाहीर झाली. 'अपराजित' शब्द टिकला, पण चार-पाच महिनेच. जानेवारी १९९४मध्ये फ्रँकी रँडलने त्याला अकराव्या फेरीत खाली पाडून गुणांवर हरवलं. कमरेखाली मारल्याबद्दल त्या लढतीत चावेझचे दोन गुण कापले गेले होते. ते कापणारा रेफ्री १९९०चाच, आणि चावेझने पराभवाचं खापर त्याच्यावर फोडलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेलर पुन्हा समोर आला. ती लढत आठव्या फेरीत थांबवली गेली, आणि जिंकला चावेझच.