जेंडर स्टडीजला आपल्याकडे सोर्सच नाही, हे खरं नाही

नागपुरात एम.ए.ची पोरं अजूनही हेच सांगतात, की जेंडरवर, म्हणजे समाजातल्या बाई-पुरुष भेदाच्या अभ्यासावर, भरवशाचं सगळं बाहेरच्या देशातलं, तेही पैसे भरून. हे साफ चुकीचं आहे ना! शोधगंगा या वेबसाइटवर देशभरातल्या युनिव्हर्सिट्यांचे पीएचडी प्रबंध फुकट आहेत, आणि प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची आधी वाचा, अर्धं काम तिथंच होते.

आकडे पाहिजे तर एनएफएचएस-५, म्हणजे सरकारचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१), काढा, त्यात नागपूर जिल्ह्याचं वेगळं फॅक्ट शीट आहे, अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींची टक्केवारी त्यातच मिळते. फक्त एक बघा, कंसातला आकडा म्हणजे तो फक्त २५ ते ४९ जणींच्या माहितीवरचाच आहे, तो ठोकून वापरू नका बाप्पा. घरकामावर लिहिता का? मग लोकांचा वेळ कशात जातो हे मोजणारा सरकारचा २०१९ चा टाइम यूज सर्व्हे पाहा, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषाचे ९७.

अन् बाई-पुरुष समानतेचा विचार बाहेरून आला म्हणता? ताराबाई शिंदे आपल्या बुलढाण्याच्या, त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ चं. जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची परिषद तर इथं नागपुरातच भरली होती, बाबासाहेब बोलले होते तिथं.