लाल डबा म्हणजे एलएचबी? रंगावर जाऊ नका

बेळगाव स्टेशनात गाडी शिरली की कुणीतरी म्हणतंच, "लाल डबं हाईत, म्हणजे जर्मन गाडी. निळी असली तर जुनी." जर्मन म्हणजे एलएचबी, जर्मन धाटणीचे नवे डबे; जुनी म्हणजे आयसीएफ, चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या धाटणीचे. वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे. रंग हा नुसता रंग असतो. जुने आयसीएफ डबे निळ्याच्या आधी विटकरीच होते, आणि हमसफर एक्सप्रेसचे निळसर डबे एलएचबी आहेत.

ओळखायचं तर दोन डब्यांच्या मध्ये वाका. दोन्ही कडांना थाळीएवढी गोल, धक्का झेलणारी बफरं आणि मधे स्क्रूची साखळी दिसली, तर बहुधा आयसीएफ. कडेला बफर नाही, मधे एकमेकांत अडकलेले लोखंडी पंजे, तर बहुतेक एलएचबी. लांबीही वेगळी: आयसीएफ साधारण २१.३ मीटर, एलएचबी २३.५ मीटर. गाड्यांची छोटी मॉडेल करणाऱ्यांना हे चांगलंच नडतं. १:८७ मापात (खऱ्याच्या ८७ पट लहान) फरक अडीच सेंटिमीटरचा. मी स्वतः एकदा आयसीएफ मॉडेलला लाल रंग फासून बसलो होतो!

आणि वेग? लोंढ्यापुढे कॅसलरॉकच्या घाटात १:३७ चा उतार आहे, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर खाली. तिथं लाल काय, निळी काय, गाडी सावकाशच उतरते.