स्टँडर्ड लायनर की ओव्हरसाइज? आधी ड्रम मोजा

"काहून भाऊ, नवे लायनर टाकले तरी ब्रेक लागून नाही रायला?" हंगाम लागला, कापसाच्या अन् संत्र्याच्या गाड्या रस्त्यावर आल्या, की गॅरेजात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. लायनर म्हणजे ब्रेक मारला की ड्रमला, चाकासोबत फिरणाऱ्या बिडाच्या भांड्याला, आतून घासून चाक थांबवणारी पट्टी. तो बहुतेक वेळा चांगल्या कंपनीचाच असतो. फक्त साइज चुकलेली असते.

पॅड आणि लायनर यांतला फरक एका ओळीचा आहे: पॅड डिस्कला (सपाट तबकडीला), लायनर ड्रमला. जुन्या सहाचाकी, दहाचाकी ट्रकला पुढे-मागे ड्रमच असतात. त्यामुळे दुकानात 'पॅड द्या' म्हणू नका, लायनरच मागा.

स्टँडर्ड लायनर तुम्हाला सांगायला नको. कंपनीतून आला तेव्हा ड्रम ज्या मापाचा होता, त्या मापाला बसणारा तो. ड्रमला कधी लेथ (ड्रम आतून छाटून सारखा करणारं यंत्र) लागला नसेल आणि तो झिजून मोठा झाला नसेल, तर डोळे झाकून स्टँडर्डच घ्या.

खरा घोळ ओव्हरसाइजचा आहे. 'ओव्हरसाइज म्हणजे जाड, म्हणजे जास्त टिकतो', हे इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता राहवत नाही. राजेहो, ती वाढीव जाडी टिकण्यासाठी दिलेली नसते. लेथवर छाटलेल्या ड्रममधून जेवढं बीड गेलं, तेवढी जागा भरून काढायला ती असते. समजा ड्रम 410 मिमीचा आहे. लायनर रिबिटापर्यंत (तो ज्या खिळ्यांनी बसवतात त्यांच्यापर्यंत) घासला, रिबिटांनी ड्रमला नाल्या पाडल्या, म्हणून लेथवाल्याने दीड मिमी खोल छाट मारली. ड्रम झाला 413 मिमी, कारण छाट दोन्ही अंगांना पडते. लायनर मात्र तीन नव्हे, दीडच मिमी जाड लागतो. व्यास आणि जाडी यांची गल्लत इथेच होते.

नुसत्या जाडीवरही भागत नाही. महत्त्वाची आहे ती गोलाई. लहान ताटली मोठ्या परातीच्या काठाला आतून लावून पाहा, एकाच जागी टेकते. छाटलेल्या ड्रममध्ये स्टँडर्ड लायनर तसाच फक्त मधोमध टेकतो. सगळा भार तेवढ्याच पट्ट्यावर येतो, तो भाग तापतो, काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग पकडतच नाही. मिस्त्री म्हणतो, 'स्लॅक टाइट करून देतो.' स्लॅक म्हणजे लायनर आणि ड्रममधली फट कमी-जास्त करणारा दांडा. त्याने शू, म्हणजे लायनर ज्यावर बसवलेला असतो तो कमानदार तुकडा, बाहेर सरकतो, पण शूची गोलाई बदलत नाही. उलट लायनर आणखी झिजला की कॅमला, म्हणजे फिरून शूच्या टोकांवरचे रोलर बाहेर ढकलणाऱ्या तुकड्याला, जास्त फिरावं लागतं. फार फिरला तर रोलर कॅमच्या टोकावरून पलीकडे उतरतो आणि त्या चाकाचा ब्रेक कामातून जातो. 'घासून घासून बसेल आपोआप' हेही मला पटत नाही. बसेल, पण तोवर माल भरलेली गाडी बुलढाण्याचा राजूर घाट उतरणार असेल तर?

आता उलटं. न छाटलेल्या ड्रममध्ये ओव्हरसाइज घातला तर लायनर दोन टोकांना टेकतो, मध्ये फट राहते. ब्रेक झटका देऊन धरतो, किंचाळतो, चाक मोकळं सुटत नाही. कित्येकदा ड्रम चढतच नाही, मग ग्राइंडर लावून टोकं खाल्ली जातात. त्यापेक्षा डबा बदलून आणा.

शंका असेल तर पाच-पन्नास किलोमीटर गाडी चालवून ड्रम उतरवा आणि लायनर पाहा. चकाकी फक्त मध्ये असेल तर लायनर लहान पडलाय, फक्त टोकांना असेल तर मोठा. सगळीकडे सारखी असेल तर काम बरोबर झालंय.

माप लेथवाल्याकडूनच घ्या, लहान व्हर्निअर (मापाची सरकपट्टी) तिथे पुरत नाही. काठावर न झिजलेली कड असते, तिच्यावरून माप घेतलं तर ड्रम लहान वाटतो. लायनर जिथे घासतो तिथे मोजा, आणि काटकोनात दोनदा मोजा, कारण तापून ड्रम लंबगोल झालेला असू शकतो. एकाच एक्सलवर डावा ड्रम छाटलेला आणि उजवा तसाच, हे मला अजिबात चालत नाही. गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. दोन्ही ड्रम एका मापाचे करा, लायनरही दोन्हीकडे एकच.

लायनरच्या डब्यावर एसटीडी (स्टँडर्ड) किंवा ओएस (ओव्हरसाइज) लिहिलेलं असतं. 'पहिला ओव्हरसाइज' एवढ्यावर थांबू नका, किती मिमी ते विचारा. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असेल तर त्यापुढे छाटायचं नाही, नवा ड्रमच घ्यायचा. मी तर दुसऱ्या ओव्हरसाइजपर्यंतही जाऊ देत नाही. पातळ झालेला ड्रम लवकर तापतो आणि तडकतो.

जुना लायनर नमुना म्हणून दुकानात नेता, तो रुंदी आणि रिबिटांची भोकं जुळवण्यापुरता ठीक आहे. जाडी आणि गोलाई त्याच्यावरून कळत नाही, ती झिजून गेलेली असते. ड्रमचं माप कागदावर लिहून सोबत न्या. आणि ड्रम उतरवल्यावर आतली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात बसलं की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा, आणि शिकाऊ पोराला तिथून बाजूला करा.