हेडलाइटच्या तारेतून गाडीची चोरी

चोर पुढच्या चाकाजवळचे बंपर सैल करतो, हेडलाइटचा कनेक्टर उपसतो आणि त्यातल्या दोन तारांना हातातले छोटे यंत्र जोडतो. लगेच दारे उघडतात, गाडी सुरू होते. किल्ली मात्र मालकाच्या घरातच असते. लंडनमधल्या अशा एका चोरीचा तांत्रिक उलगडा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. वापरले जाणारे यंत्र ब्लूटूथ स्पीकरच्या कवचात दडवलेले होते.

दिव्याच्या तारेचा कुलपाशी काय संबंध? आजच्या हेडलाइटला झोत वळवायला, खालीवर करायला स्वतःचा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू लागतो. इंजिन, ब्रेक, दारे, एअरबॅग यांचेही ईसीयू असतात आणि ते 'कॅन' नावाच्या, एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून बोलतात. चोरीला गेलेल्या गाडीत दिवा आणि किल्ली ओळखणारा ईसीयू एकाच जोडीवर होते.

कॅन ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली. तिच्या मूळ संदेशात ११ बिटांचा ओळखक्रमांक आणि जास्तीत जास्त ८ बाइट माहिती मावते. हा क्रमांक संदेश कशाबद्दल आहे ते सांगतो, कोणी पाठवला ते सांगत नाही. दोघे एकदम बोलू लागले तर लहान क्रमांकाचा संदेश पुढे जातो. चूक तपासायला १५ बिटांची बेरीज असते, पण ती विद्युत गोंधळाने बिघडलेला संदेश पकडते. नीट रचलेला खोटा संदेश तिच्यातून बिनबोभाट पार होतो. म्हणून 'किल्ली खरी आहे' असे चोराच्या यंत्राने सांगितले, की ते मानले जाते. वेगवेगळ्या तारजोड्यांमध्ये संदेश इकडून तिकडे सोडणारा गेटवे बसवलेला असतो खरा, पण या चोरीत त्यानेही तो संदेश इमानाने इंजिनाकडे पोहोचवला. भिंत बांधली आणि दारावर ओळख विचारलीच नाही, तर भिंतीचा उपयोग नाही.

हा दोष दुरूनही वापरता येतो. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी मोबाइल नेटवर्कवरून एका जीपच्या मनोरंजन यंत्रणेत शिरकाव केला. तिथून कॅनला जोडलेल्या चिपचे सॉफ्टवेअर त्यांनी बदलले. नवे सॉफ्टवेअर कंपनीचेच आहे का, हे चिप तपासत नव्हती. त्यानंतर सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

किल्ली न लावता उघडणाऱ्या गाडीची चोरी किल्लीच्या संकेतावरूनही होते, ती गोष्ट वेगळी. खिशातली किल्ली गाडीचा सुमारे १२५ किलोहर्ट्‌झचा संकेत मीटर-दोन मीटरवरूनच ऐकते आणि ४३३ किंवा ३१५ मेगाहर्ट्‌झवर उत्तर देते. दोन चोर, एक गाडीपाशी आणि एक घराच्या दाराशी, हे संकेत फक्त पुढे पोहोचवतात. इथे सांकेतिक भाषा फुटतच नाही; 'उत्तर आले म्हणजे किल्ली जवळ आहे' हे गृहीतक फुटते. नव्या अल्ट्रा-वाइडबँड किल्ल्या उत्तराला लागलेला वेळ मोजतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे लांबून आलेले उत्तर उघडे पडते.

तोवर संकेत अडवणारी पिशवी वापरावी, पण तपासून. किल्ली पिशवीत घालून दाराच्या मुठीला अगदी खेटून धरा. दार उघडले तर पिशवी निकामी. घडीवर आतले धातूचे अस्तर तुटते, म्हणून ही तपासणी दर काही महिन्यांनी करा आणि दुसरी किल्लीही विसरू नका. हेडलाइटवाल्या चोरीत मात्र पिशवी कामाची नाही. तिथे स्टिअरिंगचे यांत्रिक कुलूप किंवा कॅनवर अवलंबून नसलेला, इंधन वा स्टार्टर तोडणारा लपवलेला स्विच उपयोगी पडतो. तो जाणकाराकडूनच बसवून घ्यावा. चालत्या गाडीत पुरवठा तुटला तर चोरीपेक्षा मोठे संकट ओढवते.

खरा इलाज म्हणजे प्रत्येक महत्त्वाच्या संदेशाला 'गुप्त किल्ली'ने, म्हणजे ईसीयूंनाच ठाऊक असलेल्या गुप्त आकड्याने, काढलेली छोटी मोहोर आणि चढता क्रमांक जोडणे. क्रमांक नसेल तर चोर जुना खरा संदेश टिपून पुन्हा वाजवेल. अडचण जागेची आहे: ८ पैकी ४ बाइट मोहोरेला गेले, तर माहितीला उरतात ४. कॅन-एफडी या सुधारित पद्धतीत ६४ बाइट मिळतात, तिथे हे सोपे जाते. दुसरी अडचण गॅरेजमध्ये येते. बदललेल्या ईसीयूला गाडीची गुप्त किल्ली शिकवावी लागते, नाहीतर सुटा भाग नवाकोरा असूनही बाकीचे ईसीयू त्याचे ऐकत नाहीत.