लेकरू दाताच्या दवाखान्यात घाबरतंय? हसऱ्या वायूविषयी थोडं

"भूल देणार का?" लातूर, औसा, निलंग्याकडून येणारे पालक पहिल्यांदा हेच विचारतात. नाही, ही भूल नाही. हसरा वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड, तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावर बसणाऱ्या छोट्या मास्कमधून देतात. लेकरू जागं असतं, विचारलं की उत्तर देतं, "आ कर" म्हटलं की तोंड उघडतं. हातापायांना मुंग्या येतात, अंग हलकं वाटतं आणि भीती ओसरते. होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्यानं 1844 साली हाच वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली होती, म्हणजे औषध काही नवं नाही.

सुरुवातीला नुसता ऑक्सिजन, मग वायूचं प्रमाण हळूहळू वाढवतो. लहान मुलांत साधारण 50 टक्क्यांच्या वर नेत नाहीत. काम संपलं की पुन्हा पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन, तेवढ्यात गुंगी उतरते. बोटाला लावलेल्या यंत्रावर नाडी आणि ऑक्सिजन दिसत राहतो. दाढ बधिर करायचं इंजेक्शन मात्र द्यावंच लागतं. वायूमुळे ते सुसह्य होतं, टळत नाही.

वायू नाकातूनच जायला हवा. सर्दीनं नाक चोंदलं असेल किंवा लेकरू तोंड उघडं टाकून रडत असेल तर उपयोग नाही, तारीख पुढे ढकलू. कानाचं, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, बी-12 कमी असेल, दमा असेल तर आधी सांगा. आई गरोदर असेल तर आत आजी किंवा मावशीला बसवा.

सकाळी पोटभर सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) खाऊन आणू नका, मळमळ होते. दोन तास आधी थोडं हलकं चालेल. काही मुलांना याऐवजी गुंगीचं, पाजायचं औषध लागतं. त्याला उपाशीपोटीचे नियम कडक असतात आणि ते आम्ही भूलतज्ज्ञ असतानाच देतो.

सगळ्यांना वायू लागत नाही. आरसा हातात दिला, यंत्राचा आवाज आधी ऐकवला की बरीच लेकरं आपणहून तोंड उघडतात. घरी "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" एवढं म्हणू नका, आमचं निम्मं काम होईल. आणि "दुधाचेच दात, पडणारच" म्हणून थांबूही नका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात.

घरी गेल्यावर ओठ दोनेक तास बधिर राहतो. तोवर खायला देऊ नका, लेकरू गंमत म्हणून ओठ चावत बसतं आणि संध्याकाळी तो सुजतो.